बायबलच्या पदव्युत्तर अभ्यासाची तयारी: आधी भाषा, मग पदवी

ईश्वरविज्ञान किंवा बायबलचे अध्ययन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा विद्यापीठाविषयी, आणि दुसरा शिष्यवृत्तीविषयी. मूळ भाषांचा विचार त्याच्या मनात येतो तो प्रवेश मिळून वेळापत्रक हातात पडल्यावर. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. कोणती भाषा किती येते यावरच पुढे कोणता अभ्यासक्रम झेपेल, कोणता मार्गदर्शक स्वीकारेल आणि प्रबंधाला कोणता विषय घेता येईल हे ठरते. शिवाय प्रवेशाच्या वर्षभर आधी, कोणाच्याही परवानगीवाचून सुरू करता येईल अशी या साऱ्या तयारीतली गोष्ट भाषाच आहे.

कोणत्या भाषा, आणि कोणत्या क्रमाने

बायबलचे दोन भाग आहेत, जुना करार आणि नवा करार; त्यांपैकी जुन्या कराराचा बहुतांश भाग हिब्रू भाषेत आहे. अरामी भाषेतला भाग थोडा असून तो ठरावीक ठिकाणी येतो: दानीएलच्या दुसऱ्या अध्यायातील चौथ्या वचनाच्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत, एज्राच्या पुस्तकातील दोन भाग, यिर्मयातील एकच वचन (१०:११) आणि उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायातील दोन शब्द. नवा करार कोइने ग्रीकमध्ये, म्हणजे अलेक्झांडरनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशांत व्यवहाराची झालेल्या ग्रीकमध्ये आहे. नवा करार शिकणाऱ्याने ग्रीक आणि जुना करार शिकणाऱ्याने हिब्रू शिकावी, अशी सोपी वाटणी त्यामुळे अनेकांना सुचते; पण पदव्युत्तर पातळीवर ती टिकत नाही. हिब्रू शास्त्राचे, म्हणजे जुन्या कराराचे, ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झाले आणि ‘सेप्टुअजिंट’ या नावाने ओळखले गेले. नव्या कराराचे लेखक जुन्या शास्त्रातले उतारे देतात ते बहुधा याच भाषांतराला धरून देतात. दुसऱ्या बाजूने, हिब्रू पाठ जिथे संदिग्ध आहे तिथे जुन्या कराराच्या अभ्यासकाला या ग्रीक भाषांतराकडे वळावेच लागते.

म्हणून दोन्ही भाषा शिकाव्या लागतील हे गृहीत धरावे, मात्र त्या एकाच सत्रात सुरू करू नयेत. दोन अनोळखी लिप्या आणि दोन अगदी वेगळ्या क्रियापद-व्यवस्था एकदम डोक्यात कोंबल्या की दोन्ही अर्धवट राहतात आणि पुढची दोन वर्षे ती गळती बुजवण्यात जातात. ज्या करारावर काम करायचे मनात आहे त्याची भाषा आधी घ्यावी, तीत एक संपूर्ण पुस्तक वाचून व्हावे आणि मगच दुसरीला हात घालावा. अरामी हिब्रूनंतर एका सत्रात बऱ्यापैकी येते. सीरियाक, कॉप्टिक, लॅटिन, अक्कादी किंवा उगारिटिक या भाषांचा विचार विषय निश्चित झाल्यावर करावा. उगारिटिकचे मातीचे लेख सीरियातील रास शामरा येथे १९२९ साली सापडू लागले आणि त्यांनी स्तोत्रसंहितेतील काव्याच्या अभ्यासाची दिशाच बदलली, हे खरे. तरीही हिब्रू क्रियापद ओळखता येत नसताना उगारिटिकच्या वर्गात बसण्यात अर्थ नाही.

मराठी येणाऱ्याची आयती शिदोरी

या भाषांची बरीचशी पाठ्यपुस्तके इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. त्यामुळे इंग्रजीत जे नाही ते त्यांत पानेच्या पाने समजावलेले असते, आणि मराठी वाचक तेही अवघड समजून घोकत बसतो. हिब्रूत मध्यम पुरुषी क्रियापदसुद्धा लिंगानुसार बदलते: पुरुषाला ‘हालख्ता’ आणि स्त्रीला ‘हालख्त’. ज्याच्या तोंडी ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ लहानपणापासून आहे, त्याला याचे नवल वाटायला नको. हिब्रू क्रियापदाचे जे सात मुख्य प्रकार शिकवतात त्यांपैकी ‘हिफील’ हा मुख्यतः आपल्या प्रयोजक क्रियापदासारखा चालतो. बसणे आणि बसवणे यांतला फरक कळतो त्याला हिफीलची कल्पना अर्धी आलेलीच असते. दोन नामांची जोडणीही ओळखीची आहे, फक्त क्रम उलटा आहे: ‘रुआख एलोहीम’ म्हणजे शब्दशः ‘आत्मा-देव’, आणि अर्थ ‘देवाचा आत्मा’.

ग्रीककडे वळल्यावर शाळेत शिकलेले संस्कृत उपयोगी पडते. ‘अभवत्’, ‘अगच्छत्’ या रूपांच्या आरंभी लागणारा ‘अ’ आणि ग्रीक भूतकाळी क्रियापदाच्या आरंभी लागणारा ‘ए’ हे एकाच मुळातून आलेले आहेत. परस्मैपद आणि आत्मनेपद हा भेद ज्याने एकदा पाठ केला आहे त्याला ग्रीकमधील मध्यम प्रयोगाशी ओळख करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

मराठी आपल्याला एक कोडेही घालते, आणि ते फार उपयोगाचे आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात सापडलेल्या तारवातले शिष्य झोपलेल्या येशूला उठवून ‘अपोल्लुमेथा’ म्हणतात. क्रियापद प्रथम पुरुषी अनेकवचनी आहे. ते ‘आम्ही मरतो आहोत’ असे म्हणत आहेत की ‘आपण मरतो आहोत’ असे? म्हणजे ते येशूला आपल्याबरोबर मोजतात, की तो बुडणारच नाही असे धरून चालतात? ग्रीक भाषेत हा भेद नसल्यामुळे ग्रीक लेखकाला तो करावा लागला नाही. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र दोहोंपैकी एक शब्द निवडल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही. नव्या करारातील पौलाच्या पत्रांत तर हा प्रश्न पानोपानी येतो. नवा करार वाचताना अशा प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबून समासात खूण करण्याची सवय लावून घ्यावी. त्यातून निघणारे प्रश्न खऱ्या अर्थाने अर्थनिर्णयाचे असतात, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते सहसा सुचत नाहीत.

रोजचे वाचन

नव्या करारात सुमारे ५,४०० निरनिराळे शब्द आहेत, पण त्यांतले ५० किंवा त्याहून अधिक वेळा येणारे शब्द ३०० च्या थोडे वर आहेत आणि तेवढ्यांनी मजकुराचा साधारण चार-पंचमांश भाग व्यापला जातो. तेव्हा पहिल्या चार महिन्यांत हे शब्द पक्के करावेत, हा सल्ला योग्यच आहे. अडचण असते ती पाठांतराच्या पद्धतीत. कार्डांवरचा शब्द कार्डावर ओळखता येतो आणि वाक्यात भेटला की अनोळखी वाटतो, कारण तिथे तो विभक्ती-प्रत्यय लावून, वेगळ्या रूपात आलेला असतो. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच कार्डांच्या जोडीला खरा मजकूर वाचावा, भले तो दिवसाला दोनच वचने का असेना, आणि तो मोठ्याने वाचावा. उच्चाराची कोणती पद्धत धरावी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांपैकी कोणतीही एक धरावी आणि वर्षभर बदलू नये.

ग्रीकसाठी योहानाचे शुभवर्तमान आणि योहानाचे पहिले पत्र यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांतली वाक्ये लहान आणि शब्द मोजके आहेत. त्यानंतर मार्क, मग पौल, आणि इब्री लोकांस लिहिलेले पत्र सर्वांत शेवटी. हिब्रूसाठी योनाची ४८ वचने आणि रूथची ८५ वचने पहिल्या वर्षात पुरी व्हावीत. इयोबाच्या पुस्तकाकडे मात्र तूर्त फिरकू नये. त्यात बायबलमध्ये अन्यत्र कुठेच न येणारे शब्द इतके आहेत की अनुभवी वाचकही तिथे कोश उघडा ठेवूनच बसतो. एक बारीकशी गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: हिब्रू आवृत्तीतले वचनांचे क्रमांक भाषांतरांशी सगळीकडे जुळत नाहीत. योनाला गिळणारा मासा मराठी भाषांतरात १:१७ मध्ये येतो, तर हिब्रूत २:१ मध्ये. आणि अनेक स्तोत्रांची शीर्षके हिब्रूत पहिले वचन म्हणून मोजली जातात. निबंधात संदर्भ देताना कोणती मोजणी धरली आहे हे लिहिले नाही, तर तपासणारा चुकीच्याच वचनावर जाऊन पोहोचतो.

ओळीखाली ओळ भाषांतर छापलेली आवृत्ती आणि शब्दावर बोट ठेवताच व्याकरण सांगणारे सॉफ्टवेअर ही दोन्ही साधने पहिल्या वर्षी दूर ठेवावीत. डोळा आपोआप सोप्या ओळीकडे जातो आणि रूप ओळखण्याची ताकद कधीच येत नाही. दुसऱ्या वर्षी, स्वतः ओळखलेले रूप पडताळण्यासाठी, हेच सॉफ्टवेअर फार कामाचे ठरते. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने तयार केलेले ‘स्टेप बायबल’ विनामूल्य आहे. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनाइटिकस’ या हस्तलिखिताची उपलब्ध असलेली पाने २००९ पासून इंटरनेटवर पाहता येतात, आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रहही तिथे खुला आहे.

तळटीपा वाचायला शिकणे

पदवी आणि पदव्युत्तर अभ्यास यांतली सीमारेषा कुठे आहे असे मला कोणी विचारले, तर मी चिकित्सक आवृत्तीच्या, म्हणजे हस्तलिखितांतले पाठभेद नोंदवणाऱ्या आवृत्तीच्या, पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवीन. हिब्रूसाठी सर्वत्र वापरली जाणारी स्टुटगार्टची आवृत्ती ही एकाच हस्तलिखिताचा पाठ छापते: इ. स. १००८ च्या सुमाराचा आणि सध्या सेंट पीटर्सबर्ग येथे असलेला लेनिनग्राड कोडेक्स. ग्रीक नव्या कराराची नेस्टले-आलांड आवृत्ती, जिची २८वी सुधारित आवृत्ती २०१२ साली निघाली, वेगळ्या तत्त्वावर चालते. तिचा पाठ अनेक हस्तलिखितांतून संपादकांनी निवडून सिद्ध केलेला आहे. एका पानावर पुरावा तळाशी असतो आणि निर्णय वाचकावर सोडलेला असतो, तर दुसऱ्यावर निर्णय आधीच वर छापलेला असतो. हा फरक ठाऊक नसला की दोन्ही तळटीपांचा अर्थ चुकतो.

एक उदाहरण सावकाश पाहू. उत्पत्ती ४:८ मध्ये हिब्रू पाठ असा आहे: “आणि काईन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला”, आणि त्यापुढे लगेच, “मग ते शेतात असताना काईनाने आपला भाऊ हाबेल याच्यावर उठून त्याला ठार केले.” काईन काय म्हणाला? लेनिनग्राड कोडेक्समध्ये ते नाही. काही हस्तलिखितांत त्या जागी रिकामी जागा सोडलेली आढळते. येथे ‘अमर’ हे क्रियापद आहे, आणि या क्रियापदानंतर बोलणे दिले जाणे ही हिब्रूतील सर्वसाधारण रीत आहे. नुसते ‘बोलला’ असे सांगायचे असते, तर ‘दिब्बेर’ हे क्रियापद चालले असते. म्हणजे व्याकरणच सांगते की येथे काहीतरी खटकते आहे. आता तळटीप पाहावी. शोमरोनी पंचग्रंथ (शोमरोनी समाजाने जपलेला बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा हिब्रू पाठ), सेप्टुअजिंट, सीरियाक आणि लॅटिन भाषांतर यांत काईनाचे बोलणे आहे. पहिल्या दोहोंत ते “चल, आपण शेतात जाऊ” अशा अर्थाचे आहे.

येथे विद्यार्थ्याने दोन शक्यता स्वतःच्या शब्दांत मांडाव्यात. एक अशी की मूळ पाठात हे वाक्य होते आणि ‘शेत’ हा शब्द लागोपाठ दोनदा आल्यामुळे नक्कल करणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली व मधला मजकूर गळला. दुसरी अशी की मूळ पाठातच पोकळी होती आणि जुन्या भाषांतरकारांना ती सहन न झाल्याने त्यांनी प्रसंगाला साजेसे वाक्य घालून ती भरली. पाठचिकित्सेत अवघड पाठ अधिक जुना मानण्याचा एक संकेत आहे आणि तो दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने बोलतो. पण लेखनिकाच्या हातून घडलेली निव्वळ चूकसुद्धा पाठ अवघड करते, म्हणून तो संकेत येथे डोळे मिटून लावता येत नाही. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. परीक्षक कल विचारत नाही, कारणे विचारतो.

याच धर्तीवर १ शमुवेल १७:४ स्वतः सोडवून पाहावे. प्रचलित हिब्रू पाठात गल्याथाची उंची सहा हात व एक वीत आहे, तर सेप्टुअजिंटच्या प्रमुख हस्तलिखितांत आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत ती चार हात व एक वीत आहे. कोणती संख्या कोणत्या दिशेने बदलली असेल, आणि तसे बदलण्यात कोणाला काय साधायचे असेल, हे दोन पानांत लिहून काढावे. प्रवेश-अर्जाला जोडण्यासाठी लेखनाचा नमुना हवा असतो. अशी दोन पाने त्याचा गाभा होऊ शकतात.

कोश वापरताना

ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांचा १९०६ चा हिब्रू कोश अजूनही वापरात आहे, पण तो धातूनुसार लावलेला असल्याने धातू ओळखता येईपर्यंत त्यात शब्दच सापडत नाही. नवशिक्याने वर्णानुक्रमी कोश घ्यावा.

कोशाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. उत्पत्ती १:२ वरील निबंधात मी ‘रुआख’ या शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा हे सगळे अर्थ कोशातून उचलले आणि त्या एकाच वचनात हे तिन्ही एकवटले आहेत, असे मोठ्या थाटात लिहिले. शिक्षकांनी समासात एवढेच विचारले होते: “या वाक्यात यांपैकी कोणता, आणि कशावरून?” शब्दाचे सारे संभाव्य अर्थ एकाच ठिकाणी कोंबण्याच्या या खोडीवर जेम्स बार यांनी १९६१ सालीच कडक टीका केलेली होती, हे मला नंतर समजले. उत्तर शोधायचे तर शेजारच्या क्रियापदाकडे जावे लागते: ‘मरखेफेत’ याच धातूचे रूप ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३२:११ मध्ये पिलांवर घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी आले आहे आणि यिर्मया २३:९ मध्ये थरथरणाऱ्या हाडांसाठी. तीन ठिकाणे शेजारी मांडून वाचल्यावर निदान प्रश्न तरी नेमका होतो.

पदवी आणि मार्गदर्शक निवडताना

पदव्यांची नावे देशागणिक बदलतात, पण हेतूने त्यांचे दोन गट पडतात. अमेरिकी पद्धतीतील एम. डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) ही साधारण तीन वर्षांची पदवी पाळकीय सेवेच्या तयारीसाठी असते. एम. ए. किंवा एम. टी. एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) ही साधारण दोन वर्षांची पदवी अभ्यासाकडे झुकलेली असते. एम. डिव्ह. नंतर संशोधनाकडे वळायचे असल्यास वर्षभराची टीएच. एम. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) मधला पूल ठरते. कॅथलिक परंपरेत रोमची पोंटिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूट, स्थापना १९०९, आणि जेरुसलेमची एकोल बिब्लिक, स्थापना १८९०, या संस्था भाषांबाबत कडक म्हणून ओळखल्या जातात.

माहितीपत्रकातली छायाचित्रे बाजूला ठेवून तीनच गोष्टी विचाराव्यात: प्राथमिक व्याकरणानंतर मूळ मजकुराच्या वाचनाचे किती वर्ग आहेत, अर्थनिर्णयाच्या चर्चासत्रात मूळ पाठ समोर ठेवला जातो की भाषांतर, आणि आपल्या आवडीच्या ग्रंथावर काम करणारा अध्यापक पुढील तीन वर्षे तिथे असणार आहे का. श्रद्धेचा प्रश्नही आधीच स्वतःशी स्पष्ट करून घ्यावा. काही संस्था विद्यार्थ्याकडून विश्वासाची कबुली मागतात, तर काही ठिकाणी वर्गात श्रद्धेचा उल्लेखही अप्रस्तुत समजला जातो. दोन्हीकडे चांगले काम होते. त्रास होतो तो आपण कुठे आलो आहोत हे न कळलेल्या विद्यार्थ्याला. पीएच. डी. साठी मार्गदर्शकाला पत्र लिहिताना स्वतःची तळमळ सांगण्याऐवजी एक वचन, त्यातली एक अडचण आणि आपण ती कोणत्या पुराव्यावर सोडवू पाहतो हे दोन परिच्छेदांत लिहावे.

जर्मनचा विचारही येथेच करावा. बायबलच्या आधुनिक अभ्यासातले पुष्कळसे पायाभूत लेखन जर्मनमध्ये आहे, आणि अनेक डॉक्टरेट अभ्यासक्रमांत जर्मन व फ्रेंच वाचून समजल्याची परीक्षा द्यावी लागते. बोलता येण्याची गरज नसते. कोश हाताशी घेऊन विद्वत्तापूर्ण परिच्छेदाचे ठरलेल्या वेळेत भाषांतर करता आले की पुरते.

प्रबंधाकडे

विषय लहान घ्यावा. दहा-पंधरा वचनांचा उतारा पदव्युत्तर प्रबंधाला पुष्कळ होतो. त्याचे स्वतःचे भाषांतर आधी लिहावे, मग पाठभेद पाहावेत, मग व्याकरण आणि रचना, आणि भाष्यग्रंथ सर्वांत शेवटी उघडावेत, कारण एकदा एखादे वजनदार भाष्य वाचले की आपल्याला पडलेला प्रश्न हळूहळू त्याच्या प्रश्नासारखा दिसू लागतो. पहिल्या भाषांतराची प्रत तारीख घालून तशीच जपून ठेवावी. वर्षभराने निष्कर्ष लिहिताना कोणता शब्द का बदलला याची नोंद त्यातूनच मिळते.

छपाईची एक सूचना राहिली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, आणि संगणकावर डावीकडून लिहिलेल्या वाक्यात ती घातली की ओळ तुटते तिथे शब्दांचा क्रम पुष्कळदा उलटतो. युनिकोड टंक पहिल्या दिवसापासून वापरावा, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी अंतिम पीडीएफमधील प्रत्येक हिब्रू उतारा छापील आवृत्तीशी शब्दशः ताडून पाहावा, विशेषतः जे उतारे दोन ओळींवर पसरले आहेत ते.